पाहुणचाराचा दर काय धरावा?



सुगी उरकली आणि थंडी पडू लागली, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत दोन विषय हमखास असतात. एक लग्नाचा खर्च आणि दुसरा पाहुणा. या खेपेला नवी मुंबईतल्या सारसोळे गावाहून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नका, असे त्यांनी कळवले आहे, म्हणून नाव देत नाही. प्रश्न मात्र त्यांच्या एकटीचा नाही. तुमच्यापैकी कोणाची बहीण, कोणाची नणंद, कोणाचा धाकटा दीर शहरात असेलच. म्हणून उत्तर इथे सगळ्यांसमोर देत आहे.

पत्राचा आशय असा. घरात पाच माणसे आहेत: नवरा-बायको, सासूबाई, बारा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी. यजमानांच्या कामावरची काही कुटुंबे गेल्या वर्षी पुणे जिल्ह्यातल्या एका कृषी पर्यटन केंद्रावर हुरडा खायला जाऊन आली. आता मुलांनी हट्ट धरला आहे. एक रात्र आणि दोन दिवस राहायचे, जेवण, नाश्ता, चहा, हुरडा, बैलगाडी, शिवारफेरी सगळे धरून माणशी दोन हजार रुपये. मुलीचे अर्धे, मुलाचे पूर्ण. म्हणजे नऊ हजार. भगिनींचे माहेर पेण तालुक्यात आहे. भाऊ भातशेती करतो. सासूबाईंचे म्हणणे असे, की भावाचे शेत असताना परक्याच्या शेतावर पैसे भरून जाणे हा शुद्ध वेडेपणा आहे. यजमान म्हणतात, भावाकडे गेलो की भावजय दोन दिवस चुलीपुढून उठत नाही, आपल्याला तोंडात घास घालायला लाज वाटते. त्यापेक्षा पैसे मोजावेत आणि मोकळेपणाने राहावे. भगिनी विचारतात, नऊ हजार खर्चावेत की नाही?

हौसेला मोल नसते, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण मोल असते, आणि ते महिनाअखेरीला कळते. तेव्हा आधी हिशेबच करू.

नऊ हजार हा केंद्राचा आकडा झाला. तिथवर जाणे-येणे त्यात नाही. सारसोळ्याहून पुणे जिल्ह्याच्या आतल्या भागात जायचे, सोबत म्हातारे माणूस आणि मुले, म्हणून भाड्याची गाडी केली, तर दोन दिवसांचे आणि ड्रायव्हरच्या मुक्कामाचे मिळून पाच हजार धरू. सहल चौदा हजारांची झाली. परतताना शेतावरची भाजी, गूळ, काकवी घेण्याचा मोह होतोच, तो वेगळा. ‘सगळे धरून’ असे कोणी म्हणाले, की कुठपासून कुठपर्यंतचे सगळे, हे आपण विचारले पाहिजे.

आता त्या नऊ हजारांच्या पोटात काय आहे ते पाहू. तालुक्याच्या गावी साध्या लॉजमध्ये दोन खोल्या घेतल्या तर हजार-हजार धरू, दोन हजार झाले. पाच माणसांची दोन वेळची जेवणे, ताटाला दीडशे धरले तर पंधराशे. चहा-नाश्त्याचे पाचशे. हुरडा आणि त्याबरोबरच्या चटण्या, दही, गूळ यांचे आणखी पाचशे. एकूण साडेचार हजार. दर तुमच्या भागात थोडे पुढेमागे असतील, ते तुमचे घालून पाहा. रीत मात्र हीच ठेवा. राहण्या-खाण्याचे साडेचार हजार वजा केले, की उरलेले साडेचार हजार हे शेत ‘दाखवण्याचे’ आहेत. खरा प्रश्न एवढाच, की त्या साडेचार हजारांचे काही दाखवले जाते का?

दाखवणे दोन प्रकारचे असते. एका ठिकाणी घरचा मालक किंवा मालकीण सकाळी मुलांना घेऊन गोठ्यात जाते. धार कशी काढतात, वासराला आधी का सोडतात, ते सांगते. ज्वारीचे कणीस हाताने खुडायला देते. हुरड्यासाठी गूळभेंडीसारखी ज्वारी वेगळी का पेरतात, दाणा दुधाळ असतानाच का खुडावा लागतो, आणि चार दिवस उशीर झाला तर हुरड्याची ज्वारी कशी होते, हे मुले ऐकतात. आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर कणीस भाजून, गरम गरम हातावर चोळून दाणे काढून देतात. तिथे साडेचार हजार वाया गेले असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या ठिकाणी दारात सजवलेली बैलगाडी, दोन झोपाळे, पोहण्याचे टाके आणि कर्ण्यावर सिनेमाची गाणी. बैल फोटोपुरते आणि हुरडा बाजारातून पोत्याने आणलेला. अशा ठिकाणी मुलांना शेतीचे काही कळत नाही. तेवढी मौज शहराच्या बागेतही होते.

हा धंदा आपल्याकडे फार जुना नाही. पांडुरंग तावरे यांनी 2005 साली बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे कृषी पर्यटनाचा प्रयोग सुरू केला आणि पुढे राज्यभरातल्या अनेक शेतकऱ्यांनी तो उचलला. सप्टेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने कृषी पर्यटनाचे स्वतंत्र धोरण मंजूर केले. त्यानुसार किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्यालाही पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. पीक हाताशी येईल न येईल, भाव मिळेल न मिळेल, अशा शेतकऱ्याला चार पैसे रोख मिळतात, ही त्यातली चांगली बाजू. म्हणून पैसे घेणाऱ्या शेतकऱ्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

सासूबाईंना वाटते तसे पैसे देऊन पाहुणे होणे हे आपल्याकडचेच खूळ आहे असेही नाही. अमेरिकेत 1880 च्या सुमारास ईटन आडनावाच्या तीन भावांनी डाकोटा भागात गुराढोरांचा मोठा मळा केला. पूर्वेकडच्या शहरांतले मित्र, मित्रांचे मित्र तिथे येऊन आठवडेच्या आठवडे राहू लागले. घोडे, जेवण, बिछाना सगळे फुकट. भाऊ दिलदार होते, पण खर्च आटोक्याबाहेर चालला. अखेरीस 1882 मध्ये एका पाहुण्यानेच सांगितले, की माझे पैसे घ्या, म्हणजे मला संकोच न करता राहता येईल. तिथून ती पद्धत पडली. पुढे 1904 मध्ये ईटन बंधू वायोमिंगमध्ये गेले आणि 1926 मध्ये अशा मळेवाल्यांनी आपली संघटनाही काढली. यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की पैशाची गोष्ट पाहुण्याने काढली. यजमानाच्या तोंडून ती कधीच निघाली नसती. तुमच्या भावाच्या तोंडूनही निघणार नाही.

इटलीने 1985 साली याविषयी कायदाच केला. त्यात अट अशी, की शेती मुख्य आणि पाहुणे दुय्यम. म्हणजे शेत बंद पाडून नुसती खानावळ चालवणाऱ्याला शेतकरी-यजमान म्हणवून घेता येत नाही. आपणही केंद्र निवडताना हीच कसोटी लावावी. पाहुणे आले नाहीत तरी तिथे उद्या कोणी खुरपणीला जाणार आहे का? जाणार असेल तर ते शेत खरे.

आता भावाच्या घराचा हिशेब. ‘भावाकडे फुकट’ हा शब्द आधी पुसून टाका. पाच माणसे दोन दिवस आली, तर तांदूळ, वाल, भाजी घरची असली तरी तेल, साखर, चहा, दूध, कोंबडी किंवा मासळी हे विकत येते. शिवाय भावजयीचे दोन दिवस मोडतात. तुमच्या गावात बाईमाणसाचा रोज काय आहे तो दोनने गुणा, आणि तो पाहुणचाराच्या खर्चात धरा. पहाटे उठून पाणी तापवण्यापासून रात्री भांडी होईपर्यंत ती जे करते, ते केंद्रावरची मंडळी पैसे घेऊन करतात. काम तेच. एका ठिकाणी त्याला दर आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. यजमानांना जी लाज वाटते, ती खरी आहे आणि चांगली आहे. पण त्या लाजेवर उपाय म्हणून भावाचे घरच टाळणे हे बरोबर नाही.

‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै’ अशी म्हण आपल्या वाडवडिलांनी करून ठेवली आहे. पाहुण्यावर त्यांचा राग नव्हता. भार वाटून घेतला नाही तर माया आटते, हे त्यांना ठाऊक होते.

या प्रश्नात एक गोष्ट मात्र हिशेबाच्या वहीत बसत नाही. सारसोळे हे नेरुळमधले आगरी-कोळ्यांचे जुने गाव. आज त्याच्या चहूबाजूंनी इमारती आहेत आणि गाव व खाडी यांच्या मधून पाम बीचचा रस्ता जातो. पण मार्च 1970 मध्ये सिडको स्थापन झाली तेव्हा ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतली 95 गावे नव्या शहरासाठी धरली गेली, आणि भाताची खाचरे, खाजणे, मिठागरे हातची गेली. मोबदल्यासाठी किती झगडावे लागले, ते त्या पिढीला विचारा. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात जासई येथे आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. पत्रातल्या सासूबाईंनी तरुणपणी आपल्या शेतात लावणी केलेली आहे, असे भगिनी लिहितात. ज्या बाईचे शेत गेले, तिला दुसऱ्याचे शेत पाहायला तिकीट काढायला सांगितले, तर ती चिडेलच. तिच्या बोलण्यात चिक्कूपणा शोधू नका.

पण याच सासूबाई घरात असणे हा मुलांचा केवढा मोठा ठेवा आहे! खाडीच्या भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध कसा घालतात, ओहोटीला उघाडीतून शेतातले पाणी कसे सोडतात, पहिल्या पावसाने जमिनीतला खार धुऊन गेल्याशिवाय लावणी का करत नाहीत, हे पुणे जिल्ह्यातल्या केंद्रावर कोणी सांगणार नाही. तिथे जी शेती आहे ती चांगली आहे, पण ती देशावरची आहे. या मुलांच्या आजा-पणज्याने केली ती खारी जमिनीतली भातशेती. तिचे नाव अजून पुसलेले नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारट जमिनीत तग धरणारे पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 हे भाताचे वाण काढले आहेत. पेणकडे खारबांधावर उभे राहून आजीने नातवंडांना या गोष्टी सांगितल्या, तर त्याला माणशी दर कसा लावणार?

आणि हुरड्याचे म्हणाल, तर पेणच्या बाजूला थंडीत पोपटी असतेच की! भाताच्या मागून जमिनीतल्या ओलीवर केलेल्या वालाच्या शेंगा, मडक्याच्या तळाशी आणि तोंडाशी भांबुर्डीचा पाला, मीठ, ओवा, मध्ये बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. वर पाण्याचा शिपका मारला आणि चर्र झाले, की पोपटी झाली. पुण्याकडची माणसे ही खायला पैसे देऊन रायगडात येतात. तुम्ही मात्र ती सोडून घाट चढायला निघालात!

म्हणून, भगिनी, माझे मत असे. यंदा नऊ हजार त्या केंद्राला देऊ नका. जानेवारीत पेणला जा, पण पाहुणे म्हणून आजवर गेलात तसे जाऊ नका. भावाला फोन करण्याआधी भावजयीला करा. कोणता शनिवार-रविवार तिला सोयीचा आहे, ते तिने सांगावे. तिच्या माहेरी काही कार्य असेल, घरात कोणी आजारी असेल, वाल काढायची घाई असेल, तर आपला बेत पुढे ढकला. जाताना तेल, साखर, चहापूड, फळे, कोंबडीचे पैसे असे दोन हजारांचे सामान घेऊन जा, आणि ते दारातच देऊन टाका. परतताना हातात पैसे कोंबू नका, त्याने भाऊ दुखावेल. जाण्या-येण्याचे हजार आणि भाच्यांच्या खाऊचे, वहीपुस्तकांचे हजार धरा. चार हजारांत सहल झाली. तिथे गेल्यावर एका वेळचा स्वयंपाक तुमच्याकडे घ्या आणि पोपटी यजमानांनी व भावाने मिळून लावावी. भांडी मुलाने घासली तरी चालतील, बारा वर्षांचा आहे. एकच रात्र राहा. तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

उरलेले पाच हजार वेगळे ठेवा. पुढच्या थंडीपर्यंत त्यात थोडी भर घाला आणि मग दोन्ही घरे मिळून देशावर हुरडा खायला जा. भावजयीला आयते ताट वाढून मिळेल असे दोन दिवस तिच्या वाट्याला किती वेळा येतात? तिच्यासाठी भरलेले दोन हजार हे त्या सगळ्या खर्चातले सर्वांत सार्थकी लागलेले पैसे ठरतील. भावाची मुलेही ज्वारीचे उभे शेत पाहतील. त्यांना तरी ते कुठे रोज दिसते?

मात्र सगळ्यांना हे उत्तर लागू पडणार नाही. ज्यांचे गावात कोणी उरले नाही, ज्यांच्या भावाभावांत जमिनीवरून बोलणे बंद आहे, किंवा ज्यांच्या गावच्या घरी आजारी माणूस आहे, त्यांनी मुलांना शेत दाखवण्यासाठी केंद्रावर जरूर जावे. फक्त अंथरूण पाहून पाय पसरावेत. कर्ज काढून, हप्त्यावर किंवा दागिना ठेवून सहल करू नये. आणि पैसे भरण्याआधी फोनवर हे विचारून घ्यावे:

सध्या शेतात कोणते पीक उभे आहे आणि त्या दोन दिवसांत कोणते काम चालू असेल? उत्तर चाचरत आले तर समजावे.

शेत कोण दाखवणार? घरचे माणूस की भाड्याचा मुलगा?

दरात काय आहे आणि काय नाही? मुलांचे अर्धे कोणत्या वयापर्यंत? हे मोबाइलवर लिहून मागवावे. तोंडी बोलणे हवेत जाते.

अवकाळी पाऊस झाला किंवा घरात अडचण आली तर भरलेल्या पैशांचे काय?

शेततळ्याला कुंपण आहे का? याची चौकशी कधीही चुकवू नका. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात पाय घसरला, की पोहणाऱ्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. काठाला बांधलेला दोर, टायर हवेतच. हे केंद्राला लागू आहे, आणि भावाच्या शेतालाही.

जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब? म्हातारे माणूस सोबत असेल तर संडास खोलीला लागून आहे का? शेतात त्या आठवड्यात औषध फवारणी झाली आहे का?

नोंदणीचे प्रमाणपत्र आहे का?

एवढे विचारल्यावर चांगला यजमान रागावत नाही. उलट त्याला बरे वाटते, की जाणते पाहुणे येत आहेत.

आता शेवटी दोन शब्द गावाकडच्या वाचकांना. शहरातली बहीण यायला कचरते, याचा अर्थ तिला माया नाही असा घेऊ नका. तिला तुमच्या बायकोचे कष्ट दिसतात. तेव्हा मोकळेपणाने सांगा, की अमुक महिन्यात या, अमुक महिन्यात नको, आणि येताना अमुक घेऊन या. त्यात कमीपणा नाही. घरात पाहुणा आला म्हणून बाईनेच राबायचे, ही रीतही आता मोडायला हवी. चुलीपुढचे एक काम पुरुषाने उचलले, तर आलेल्या बहिणीलाही संकोच वाटणार नाही. आणि ज्यांना कृषी पर्यटन केंद्र काढायचे असेल त्यांनी आधी घरातल्या बाईला विचारावे. वीस माणसांची भाकरी कोण थापणार, त्या कामाचे पैसे कोणाच्या हातात पडणार, हे ठरल्याशिवाय पाटी लावू नये.

सारसोळ्याच्या भगिनींनी पेणला जाऊन आल्यावर पोपटी कशी झाली ते अवश्य कळवावे. आणि सासूबाईंनी बांधावर उभे राहून नातवंडांना काय काय सांगितले, ते मुलाकडून वहीत उतरवून घ्यावे. तेवढे काम मात्र पुढच्या वर्षावर टाकू नये.